कागदाविना जिओकॅशिंग : सॉफ्टवेअर आणि हातातली उपकरणं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवून ठेवलेला डबा त्याच्या अक्षांश-रेखांशावरून जीपीएसने शोधून काढण्याचा खेळ; त्या डब्याला जिओकॅश म्हणतात. छापील पानांचा गठ्ठा न बाळगता डब्यांची सगळी माहिती उपकरणात कशी न्यायची, जागेवर ती कशी वापरायची आणि परतल्यावर नोंदी कशा चढवायच्या, याबद्दल नवी-जुनी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो : घरी बसून नीट तयारी केली असेल तर साधं, जुनं उपकरणही पुरतं. तयारी नसेल तर महागातलं महाग उपकरणही रानात अडवून ठेवतं. म्हणून खाली उपकरणांइतकंच फायलींबद्दलही लिहिलं आहे.

कागदाविना म्हणजे नेमकं काय?

प्रत्येक जिओकॅशचं एक पान असतं. त्यावर अक्षांश-रेखांश, वर्णन, शोधायला किती अवघड आणि वाट किती खडतर हे सांगणारे १ ते ५ मधले दोन दर्जे, डब्याचा आकार, हिंट, गाडी लावायची जागा किंवा पुढचे टप्पे असे जादा बिंदू आणि आधी येऊन गेलेल्यांच्या नोंदी असतात. पूर्वी अक्षांश-रेखांश हाताने उपकरणात भरायचे आणि बाकीचं पान छापून न्यायचं, अशी रीत होती. हे सगळं एकाच फाईलमधून उपकरणात गेलं आणि जागेवर वाचता आलं, की झालं कागदाविना जिओकॅशिंग.

एक कागद मात्र उरतोच, डब्यातली नोंदवही. तिच्यावर सही झाल्याशिवाय डबा सापडला असं धरत नाहीत. त्यामुळे खिशात पेन्सिल हवीच. ओलसर कागदावर आणि थंडीत बॉलपेन दगा देतं, पेन्सिल चालते.

हे सुरू कधी झालं?

१ मे २००० च्या रात्री अमेरिकी सरकारने जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि सुमारे १०० मीटरची अनिश्चितता एका झटक्यात १०-२० मीटरवर आली. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ओरेगन राज्यात पहिला डबा ठेवला आणि त्याचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओकॅशिंग डॉट कॉम सुरू झालं.

पहिली काही वर्षं छपाईची गेली. मग लोक पाम किंवा पॉकेट पीसी हे तळहाताएवढे संगणक सोबत नेऊ लागले. एका हातात जीपीएस, दुसऱ्या हातात वर्णन वाचायला पाम. पामवर कॅशमेट आणि पॉकेट पीसीवर जीपीएक्स सोनार ही तेव्हाची आवडती सॉफ्टवेअर. २००८ मध्ये गार्मिन कंपनीची कोलोरॅडो ही जीपीएस उपकरणांची मालिका आली आणि वर्णन, हिंट, नोंदी हे सगळं जीपीएस उपकरणातच वाचता येऊ लागलं. त्याच सुमारास स्मार्टफोनची ॲप्सही आली. आज पाम कुणी वापरत नाही, पण त्या काळातली एक सवय अजून उपयोगी आहे : निघण्याआधी सगळं उतरवून घ्यायचं.

एलओसी आणि जीपीएक्स या फायलींत फरक काय?

एलओसी फाईलमध्ये फक्त डब्याचा कोड, नाव आणि जागा असते. वर्णन नाही, हिंट नाही, नोंदी नाहीत. ती घेऊन गेलात तर नकाशावर ठिपका दिसेल, पण तिथे काय शोधायचं ते कळणार नाही.

जीपीएक्स ही खुली रचना २००२ मध्ये आली आणि तिची १.१ ही आवृत्ती २००४ पासून चालू आहे. ती मुळात जीपीएसचे बिंदू, मार्ग आणि चाललेल्या वाटा यांच्या देवाणघेवाणीसाठी आहे. जिओकॅशिंगच्या फाईलमध्ये तिला एक जोड दिलेली असते. फाईल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पाहा. प्रत्येक बिंदूखाली आधी जागा आणि ‘जीसी’ने सुरू होणारा कोड दिसेल, त्याखाली डब्याचा प्रकार, आकार, दोन्ही दर्जे, लहान वर्णन, मोठं वर्णन, हिंट आणि मग एकाखाली एक नोंदी. एकदा हे डोळ्यांनी पाहिलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, कारण उपकरणात काय दिसायला हवं आणि काय गायब आहे हे तुम्हाला ताडता येतं.

जीपीएक्स फायली मिळवायच्या कुठून?

जिओकॅशिंग डॉट कॉमवर प्रीमियम सदस्यांना ‘पॉकेट क्वेरी’ची सोय आहे. अमुक जागेभोवती, अमुक प्रकारचे, मला अजून न सापडलेले, सध्या चालू असलेले डबे, अशा अटी लावायच्या आणि तयार झालेली झिप फाईल उतरवायची. एका क्वेरीत १,००० पर्यंत डबे येतात आणि प्रत्येकाच्या शेवटच्या ५ नोंदी सोबत येतात. झिपमध्ये दोन फायली निघतात : एक डब्यांची, दुसरी जादा बिंदूंची. दुसरीकडे बऱ्याच जणांचं लक्ष जात नाही. गाडी लावायची जागा आणि टप्प्याटप्प्याच्या डब्यांचे मधले बिंदू तिच्यातच असतात, त्यामुळे दोन्ही फायली उपकरणात जायला हव्यात.

एकाच वाटेवरचे डबे हवे असतील तर वर्तुळाकार क्वेरीपेक्षा मार्गावरची क्वेरी चांगली. दहा-बारा डब्यांचीच मोहीम असेल तर हाताने एक यादी बनवून तीच उतरवावी.

ओपनकॅशिंग नावाने चालणारी वेगवेगळ्या देशांतली संकेतस्थळंही आहेत. तिथे जीपीएक्स मोफत मिळते. डबे कमी, पण काही फक्त तिथेच असतात.

जीसॅक कशासाठी लागतं? थेट फाईल टाकली तर चालत नाही का?

चालतं. महिन्यातून एकदा, दोन-चार डब्यांसाठी बाहेर पडत असाल तर जीसॅकच्या वाटेला जाऊ नका.

पण तुमच्याकडे पाच-सहा क्वेरींमधून आलेले हजारो डबे असतील, त्यातले काही दोनदा आलेले, काही बंद पडलेले, काही कोडी सोडवलेले असतील, तर त्यांना सांभाळायला एक घर लागतं. जीसॅक म्हणजे ‘जिओकॅशिंग स्विस आर्मी नाइफ’. हे विंडोजवर चालतं. आतून एसक्यूलाइटचा डेटाबेस आहे, त्यामुळे हजारो नोंदी चाळायला वेळ लागत नाही. नवी जीपीएक्स ओढून आणली की जुन्या डब्यांची माहिती ताजी होते आणि नोंदी साठत जातात. क्वेरीत पाचच नोंदी येत असल्या तरी दर आठवड्याला भरत गेलात की वर्षभराने एकेका डब्याचा लांबलचक इतिहास तुमच्याकडे जमा झालेला असतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पॉकेट क्वेरीत कायमचे बंद केलेले डबे येत नाहीत. म्हणजे एखादा डबा बंद झाला तर तुमच्या डेटाबेसला ते कुणी कळवत नाही. त्याची शेवटची चांगली नोंद तशीच हिरवीगार राहते आणि तुम्ही नसलेल्या डब्यासाठी डोंगर चढता. यावर उपाय सोपा आहे : जीसॅकमध्ये प्रत्येक डब्याची ‘शेवटची जीपीएक्स तारीख’ असते. नवी क्वेरी भरल्यावर ज्या डब्यांची तारीख जुनीच राहिली त्यांना फिल्टरने वेगळं काढा. ते एकतर बंद झालेत किंवा क्वेरीच्या अटीबाहेर गेलेत. संकेतस्थळावर एकेक तपासा आणि मगच ठेवा किंवा काढा.

दुसरा मोठा फायदा म्हणजे उपकरणात पाठवताना नाव आणि वर्णन हवं तसं रचता येतं. जुन्या उपकरणांत वर्णन मावत नाही, तिथे कोडसोबत प्रकार, आकार, दर्जे आणि हिंटचे पहिले काही शब्द एवढं कोंबून पाठवता येतं. गार्मिनच्या साठ-सीएसएक्ससारखं, फक्त १,००० बिंदू सामावणारं उपकरण याच युक्तीवर कित्येकांनी वर्षानुवर्षं वापरलं.

माझ्याकडे मॅक किंवा लिनक्स आहे. मग?

फाईल एका रचनेतून दुसऱ्या रचनेत नेणं एवढंच काम असेल तर जीपीएसबेबल पुरतं. ते मोफत आहे आणि तिन्ही प्रणालींवर चालतं. दोन फायली एकत्र करणं, दुबार बिंदू काढणं, ठरावीक अंतरातलेच बिंदू ठेवणं ही कामंही ते करतं. जीसॅकच हवं असेल तर व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज चालवून ते वापरणारे आहेत.

फोन पुरेसा आहे की वेगळं हँडहेल्ड (हातात धरायचं जीपीएस उपकरण) घ्यावं?

नवशिक्याला मी एकच सांगतो : आधी फोनवर सुरू करा. खिशात आहे, पडदा मोठा आहे, माहिती ताजी आहे, फोटो काढता येतो, नोंद जागेवरच लिहिता येते. वस्तीतले, बागेतले, रस्त्याकाठचे डबे शोधायला याहून जास्त काही लागत नाही.

हँडहेल्डचा विचार करण्याची वेळ तेव्हा येते, जेव्हा दिवसभर मोबाइलच्या रेंजबाहेर फिरणं सुरू होतं. तिथे चार गोष्टी फरक पाडतात. बॅटरी बदलता येते, म्हणजे दोन सेल काढून दोन घातले की उपकरण पुन्हा ताजं. पडदा भर उन्हात आणखी चांगला दिसतो, कारण तो बाहेरचा प्रकाश परावर्तित करतो. बटणं असतील तर हातमोजे घालून किंवा पावसातही काम चालतं, ओल्या बोटांनी फोनचा पडदा भलतीकडेच पळतो. आणि बहुतेक हँडहेल्ड आयपीएक्स-७ दर्जाची असतात, म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं तग धरण्याची चाचणी पास झालेली. ओढा ओलांडताना हातातून निसटलं तर फोनइतका जीव खालीवर होत नाही.

अचूकतेसाठी म्हणून हँडहेल्ड घ्या, असं मात्र मी आता सांगणार नाही. २०१८ पासून दोन वारंवारतांवर, म्हणजे एल-१ आणि एल-५ वर, संकेत घेणारे फोन बाजारात आले आणि मोकळ्या आकाशाखाली ते कित्येक जुन्या हँडहेल्डच्या पुढे आहेत. दाट झाडीत मोठा बाहेरचा ॲन्टेना असलेलं उपकरण अजूनही जास्त स्थिर राहतं, ठिपका कमी उड्या मारतो.

माझी स्वतःची पद्धत दोन्हींची आहे. वाट चालायला आणि डब्यापर्यंत पोचायला हँडहेल्ड, वर्णन वाचायला, फोटोला आणि अडीअडचणीला फोन. फोन पिशवीत बंद राहिला की त्याची बॅटरी खऱ्या गरजेसाठी शिल्लक राहते.

इंटरनेट नसेल तर फोनचं जीपीएस चालतं का?

चालतं. उपग्रहांचे संकेत घ्यायला इंटरनेट लागत नाही, विमान मोडमध्येही जागा मिळते. नेटचा उपयोग पहिल्यांदा जागा लवकर सापडण्यासाठी होतो. एखादा उपग्रह नेमका कुठे आहे ही माहिती तो स्वतः दर ३० सेकंदांनी पाठवत असतो, आणि सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक पूर्ण यायला १२.५ मिनिटं लागतात. नेट असेल तर फोन हीच माहिती क्षणात मागवतो. म्हणून नेट जाण्याआधी, गाडी लावल्या जागीच, एकदा जागा पकडून घ्यावी.

अडतं ते नकाशा आणि डब्यांच्या माहितीपाशी. त्या दोन्ही गोष्टी आधी उतरवलेल्या नसतील तर निळा ठिपका कोऱ्या पडद्यावर फिरत राहतो. निघण्याआदल्या रात्री विमान मोड लावा, ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा आणि यादीतला एखादा डबा उघडून हिंटपर्यंत वाचता येतो का ते पाहा. ही परीक्षा पास झाली तरच माहिती खरोखर फोनात आहे.

ॲप कोणतं घ्यावं?

अधिकृत ॲप सुरुवातीला सोपं आहे. ॲन्ड्रॉइडवर सी-जिओ हे मुक्त-स्रोत ॲप माझ्या पसंतीचं. ऑफलाइन याद्या, स्वतःच्या टिपा, जीपीएक्स आत-बाहेर करणं, वेगवेगळे नकाशे हे सगळं त्यात आहे आणि ओपनकॅशिंगचे डबेही त्याच नकाशावर दिसतात. ते संकेतस्थळाने ॲप्ससाठी दिलेला अधिकृत मार्ग (एपीआय) वापरत नाही, त्यामुळे संकेतस्थळ बदललं की अधूनमधून अडतं आणि नवी आवृत्ती आली की सुरळीत होतं. मोहिमेच्या आदल्या दिवशी ते अद्ययावत करून घ्या. ॲन्ड्रॉइडवरच लोकस मॅप नकाशांसाठी उत्तम आहे. आयफोनवर बरेच जण कॅशली वापरतात, तेही ऑफलाइन चांगलं चालतं.

जुनं, वापरलेलं हँडहेल्ड मिळतंय. घ्यावं का?

आधी एक गोष्ट तपासा : त्याला जिओकॅशची जीपीएक्स पूर्ण वाचता येते का? गार्मिनची ओरेगन आणि डकोटा मालिका, जीपीएसमॅप ६२ आणि त्यापुढची, २०११ पासूनची ईट्रेक्स १०, २० आणि ३०, तसंच मॅगेलनचं एक्सप्लोरिस्ट जीसी, यांना येते. साठ-सीएसएक्स किंवा जुन्या ईट्रेक्स लीजंडला येत नाही, ती डबे साधे बिंदू म्हणून दाखवतात.

ईट्रेक्स १० बद्दल मुद्दाम सांगतो. त्याचा पडदा कृष्णधवल आहे, कार्डाची जागा नाही, सविस्तर नकाशा टाकता येत नाही. पण वर्णन, हिंट, नोंदी सगळं वाचतं आणि दोन एए सेलवर सुमारे २५ तास चालतं. दुसरं उपकरण म्हणून किंवा मुलांच्या हाती द्यायला ते फार चांगलं आहे.

वापरलेलं घेताना सेलच्या कप्प्यातल्या पट्ट्यांवर हिरवट गंज आहे का पाहा, यूएसबीच्या भोकावरचं रबरी झाकण शाबूत आहे का पाहा आणि मोकळ्या जागेत नेऊन संकेत पकडतं का पाहा. मागचं रबर सैल होऊन निघत असेल तर पाणी आत जाण्याचा धोका आहे.

फाईल टाकली, पण उपकरणात डबे दिसतच नाहीत. कुठे चुकलं असेल?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच.

पहिली शंका : झिप न उघडताच टाकली. आतल्या जीपीएक्स फायली बाहेर काढूनच उपकरणात ठेवायच्या. दुसरी : जागा चुकली. गार्मिनमध्ये ‘गार्मिन’ फोल्डरच्या आत ‘जीपीएक्स’ नावाचं फोल्डर असतं, फाईल तिथेच हवी. कार्डावर ठेवायची असेल तर कार्डावरही फोल्डरांची हीच रचना करावी लागते. तिसरी : उपकरणातला फिल्टर. मागच्या वेळी फक्त मोठे डबे दाखव असं सांगून ठेवलेलं असतं आणि ते आपण विसरतो.

चौथी शंका संख्येची. जुन्या ओरेगनसारख्या उपकरणांची मर्यादा २,००० डब्यांची आहे. त्याहून जास्त भरले तर उरलेले काही न सांगता गळतात. २०१३ च्या ओरेगन ६०० पासून गार्मिनने जीजीझेड नावाची रचना आणली. त्यात जीपीएक्स फायली आणि त्यांची अनुक्रमणिका एकत्र बांधलेली असते, त्यामुळे उपकरण सगळं एकदम न वाचता लागेल तेवढंच उचलतं आणि ही अडचण राहत नाही. जीसॅकमधून जीजीझेड तयार करता येते.

पाचवी : फाईलच बिघडलेली आहे. केबल घाईत उपसली की जीपीएक्स अर्धवट लिहिली जाते. काही उपकरणं अशी फाईल गाळतात, काही सुरू होतानाच अडकून बसतात. संगणकाला जोडून ती फाईल काढली की ती पुन्हा जिवंत होतात. म्हणून ‘इजेक्ट’ केल्याशिवाय केबल काढू नये.

मॅकवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट : उपकरणातली फाईल कचऱ्यात टाकली तरी कचरापेटी रिकामी करेपर्यंत ती उपकरणातच एका लपलेल्या फोल्डरमध्ये पडून असते. जागा मोकळी होत नाही ती त्यामुळे.

डब्याच्या पानावरचे फोटो उपकरणात नेता येतात का?

ओरेगन ४५० आणि त्यापुढच्या बऱ्याच गार्मिन उपकरणांत येतात, पण फोल्डरांची रचना काटेकोर पाळावी लागते. ‘गार्मिन’मध्ये ‘जिओकॅशफोटोज’, त्यात कोडच्या शेवटच्या अक्षराचं फोल्डर, त्यात शेवटून दुसऱ्याचं आणि त्यात पूर्ण कोडचं. म्हणजे कोडच्या शेवटी ४ आणि के असेल तर आधी ‘के’, आत ‘४’, आत पूर्ण कोड. गुपित फोडणारे फोटो त्याच्याही आत ‘स्पॉयलर्स’ या फोल्डरमध्ये ठेवले की आपण मागेपर्यंत दिसत नाहीत. हे हाताने करत बसू नका. जीसॅकचा मॅक्रो (तयार आज्ञांचा संच) एका फटक्यात करून देतो.

नकाशे विकत घ्यावे लागतात का?

नाही. ओपनस्ट्रीटमॅपवरून बनवलेले गार्मिनचे नकाशे मोफत मिळतात आणि पायवाटांच्या बाबतीत ते अनेकदा विकतच्यापेक्षा सरस असतात. ‘आयएमजी’ फाईल कार्डावरच्या ‘गार्मिन’ फोल्डरमध्ये ठेवायची, मग उपकरणात तो नकाशा चालू करायचा. कार्ड एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेलं असू द्या.

उपकरण म्हणतं अचूकता ३ मीटर, तरी डबा सापडत नाही!

तो आकडा उपकरणाचा स्वतःविषयीचा अंदाज आहे. शिवाय डबा ठेवणाऱ्याच्या उपकरणानेही ठेवताना तेवढीच चूक केलेली असू शकते आणि दोन्ही चुका उलट दिशांच्या असतील तर बेरीज होते. कड्याखाली किंवा उंच भिंतीजवळ संकेत आपटून येतात, तिथे २०-३० मीटरचाही घोळ होतो.

५-१० मीटरवर आलात की बाण पाहणं सोडा. उपकरण खिशात घाला आणि आजूबाजूला नीट पाहा : दगडांची रचना कुठे बदलली आहे, कुठली ढोली सोयीची आहे, गवत कुठे तुडवलंय. मग शेवटच्या नोंदी वाचा. कुणीतरी ‘माझ्याकडे ८ मीटर उत्तरेला दाखवत होतं’ असं लिहून ठेवलेलं असतं. पाच नोंदींचं मोल इथे कळतं.

बाण उभ्या जागी गरगर फिरत असेल तर होकायंत्र जुळवून घ्या. फोनच्या कव्हरला चुंबक असेल तर कव्हर काढा. चुंबकीय होकायंत्र नसलेलं उपकरण चालतानाच दिशा दाखवतं, थांबलात की ती भरवशाची राहत नाही.

अक्षांश-रेखांश हाताने भरले आणि डबा भलतीकडे गेला. का?

जिओकॅशिंगमध्ये अंश आणि दशांश मिनिटं ही पद्धत आहे : अंश, मग ३०.५०० अशी मिनिटं. हेच कुणी ३० मिनिटं ५० सेकंद समजून भरलं तर अक्षांशात सुमारे ६१७ मीटरची चूक होते, कारण ३०.५०० म्हणजे ३० मिनिटं ३० सेकंद. शेवटच्या स्थानावरचा एक आकडा, म्हणजे ०.००१ मिनिट, अक्षांशात १.८५ मीटर धरा. उपकरणाच्या सेटिंगमध्ये ही पद्धत आणि डब्ल्यूजीएस-८४ हा नकाशाचा आधार (मॅप डेटम) निवडलेला आहे ना, ते एकदा पाहून ठेवलं की पुन्हा हात लावावा लागत नाही.

कोड्याचे डबे कसे न्यायचे?

पानावर दाखवलेली जागा खोटी असते, खरी कोडं सुटल्यावर कळते. उत्तर मिळताच संकेतस्थळावर त्या डब्याची दुरुस्त जागा नोंदवून ठेवा, म्हणजे पुढच्या जीपीएक्समध्ये तीच येते. जीसॅकमध्येही दुरुस्त जागेची वेगळी सोय आहे आणि नवी फाईल भरली तरी ती पुसली जात नाही. न सुटलेली कोडी उपकरणात भरूच नका. नकाशावर उगाच दाटी होते आणि वाटेत लागलेला ठिपका पाहून माणूस खोट्या जागी वळतो.

हिंट अगम्य अक्षरांत दिसते.

ती रोमन अक्षरं १३ घरं पुढे सरकवून लिहिलेली असते : ‘ए’च्या जागी ‘एन’, ‘बी’च्या जागी ‘ओ’. हीच क्रिया पुन्हा केली की मूळ मजकूर मिळतो. ॲप आणि हँडहेल्ड एका बटणात उलगडून दाखवतात.

सेल आणि चार्जिंगचं काय?

एए सेलच्या उपकरणात रिचार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल वापरा आणि सेटिंगमध्ये सेलचा प्रकार तोच निवडा. त्यांचा व्होल्टेज १.२ असतो, अल्कलाइनचा १.५. प्रकार चुकला तर उपकरण भरलेले सेलही अर्धे दाखवतं. कडाक्याच्या थंडीत लिथियमचे एए सेल सगळ्यात टिकाऊ. पॉवर बँकेवर १०,००० एमएएच लिहिलेलं असलं तरी तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टचा असतो. ५ व्होल्टला बदलताना फोनपर्यंत त्यातले साधारण ६,०००-६,५०० पोचतात.

नोंदी परत संकेतस्थळावर कशा चढवायच्या?

डबा सापडल्यावर उपकरणात ‘सापडला’ असं लावलं की गार्मिन ते एका मजकूर फाईलमध्ये लिहून ठेवतं. तिचं नाव ‘जिओकॅश_व्हिजिट्स’. उघडून पाहिलीत तर प्रत्येक ओळीत चार गोष्टी दिसतील : डब्याचा कोड, तारीख-वेळ, निकाल आणि अवतरणचिन्हांत तुमचा शेरा. ही फाईल संकेतस्थळावर चढवली की प्रत्येक ओळीचा एक मसुदा तयार होतो. मसुदे फक्त तुम्हाला दिसतात, एकेक उघडून नीट लिहून मग प्रसिद्ध करायचे.

त्या फाईलमधली वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते. त्यामुळे पहाटे किंवा रात्री उशिरा सापडलेल्या डब्याची तारीख एका दिवसाने सरकलेली नाही ना, ते पाहा. फाईलमध्ये जुन्या ओळीही साठत जातात, म्हणून चढवताना अमुक तारखेआधीच्या नोंदी वगळण्याची सोय वापरा.

जागेवर शेरा चार शब्दांचा पुरे : ‘झाकण तुटलंय’, ‘वही ओली’, ‘वाटेत हरणं’. घरी आल्यावर याच चार शब्दांवरून सगळं आठवतं. मात्र दिवसभरात वीस डबे झाले म्हणून वीस ठिकाणी तोच मजकूर चिकटवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. डबा ठेवणाऱ्याने जागा शोधलेली असते, वर्णन लिहिलेलं असतं, पावसाळ्यानंतर जाऊन वही बदललेली असते. त्याच्या हाती परत येतं ते एवढंच, तुमची नोंद. दोन ओळी लिहा, पण त्या डब्याबद्दलच्या लिहा.

मित्राला माझी पॉकेट क्वेरी दिली तर चालेल?

संकेतस्थळाच्या अटींप्रमाणे ती तुमच्या वापरासाठी आहे, ती वाटू नये. सोबत जाणार असाल तर एकाच्या उपकरणावर भागतं.

फिरत्या वस्तूंवरचा कोड कुठे लिहायचा?

फिरत्या वस्तू म्हणजे एका डब्यातून दुसऱ्या डब्यात नेल्या जाणाऱ्या, कोड कोरलेल्या वस्तू. त्या कोडचा फोनवर फोटो काढून ठेवा, पण तो फोटो नोंदीसोबत जाहीर करू नका. वस्तूवर कोरलेला कोड ती प्रत्यक्ष हाती घेतल्याचा पुरावा असतो. तो उघड झाला की न पाहताच नोंदी करणारे येतात.

डबा सापडलाच नाही. तीही नोंद करायची का?

जरूर करा, आणि ती जागेवरच उपकरणात लावा, कारण घरी येईपर्यंत ती टाळायचा मोह होतो. किती वेळ शोधलं, उपकरण किती मीटरची चूक दाखवत होतं, हिंटमधला दगड किंवा झाड तरी दिसलं का, एवढं लिहा. तुमच्या मागोमाग दोन-तीन जणांनी असंच लिहिलं की ठेवणारा जाऊन पाहतो. आणि पुढच्या आठवड्यात कुणी नवी जीपीएक्स उतरवेल तेव्हा शेवटच्या पाच नोंदींत तुमची ती ओळ असेल. ती वाचून तो आधी दुसऱ्या डब्याकडे वळेल.